घरच्या घरी गाणे रेकॉर्ड करायचेय? पहिला ऑडिओ इंटरफेस घेण्याआधी माइकचे इनपुट मोजा

माझे आजोबा गावच्या भजनी मंडळात पन्नासहून अधिक वर्षे पेटी वाजवत आले आहेत. गळाही त्यांचाच आणि पेटीवरचा हातही त्यांचाच. गेल्या वर्षी त्यांना ८१ वे लागले, तेव्हा त्यांचे वीस-पंचवीस अभंग नीट रेकॉर्ड करून ठेवायचे घरात ठरले. जबाबदारी अर्थातच माझ्यावर आली. ‘तू इंजिनीअर आहेस ना?’ एवढा एकच निकष. मी ऑनलाइन शोधाशोध केली, ‘२ इनपुट’ असे लिहिलेला ऑडिओ इंटरफेस मागवला, दोन माइक घेतले आणि शनिवारी गावी पोहोचलो.

सतरंजी अंथरली, पेटी मांडली, आजोबा बसले. पहिला माइक लावला. दुसरा लावायला गेलो, तर त्याची वायर बसेल अशी जागाच त्या डब्याला नव्हती. इनपुट दोन होते हे खरे, पण त्यातला एकच माइकसाठी होता. दुसरा गिटारसाठी. इलेक्ट्रॉनिक्सची पदवी असलेल्या माणसाने ही गोष्ट फोटो नीट पाहून ओळखायला हवी होती. मी फक्त आकडा वाचला होता.

त्या दिवशी एकाच माइकवर काम भागवले. ऐकले तर पेटी पुढे आणि आजोबा मागच्या खोलीत बसून गात असल्यासारखे. एकाच ट्रॅकवर मिसळलेले दोन आवाज नंतर वेगळे करणारी एआय साधने आता मिळतात. पण गळ्याच्या पाठोपाठ सुरासुरावर चालणारी पेटी काढायला गेलात, तर गळ्याचेही लचके तुटतात. डबा बदलून यायला दहा दिवस लागले. तोवर आजोबांना खोकला झाला आणि डॉक्टरांनी महिनाभर गाणे बंद सांगितले.

पहिला ऑडिओ इंटरफेस घेताना अशा चुका अनेकांकडून होतात, कारण जाहिरातीत मोठे दिसणारे आकडे आणि खरोखर उपयोगाच्या गोष्टी वेगवेगळ्या असतात. खरेदीआधी नेमके काय पाहायचे, ते जाणून घेऊया.

ऑडिओ इंटरफेस म्हणजे नेमके काय?

माइक हवेतल्या कंपनांचे विजेच्या लहरींत रूपांतर करतो. या लहरी फार क्षीण असतात, अवघ्या काही मिलिव्होल्टच्या. फोन किंवा लॅपटॉपला तर फक्त आकडे कळतात. या दोघांच्या मध्ये बसून तीन कामे करणारा डबा म्हणजे ऑडिओ इंटरफेस. माइकचा क्षीण सिग्नल तो वाढवतो, या भागाला प्रीअँप म्हणतात. मग त्या सिग्नलचे आकड्यांत रूपांतर करून तो यूएसबीने लॅपटॉपला देतो. आणि लॅपटॉपमधला आवाज उलट्या वाटेने हेडफोन व स्पीकरपर्यंत पोहोचवतो.

बरेच दुकानदार आणि जुने साउंडवाले अजूनही याला ‘साउंड कार्ड’च म्हणतात. लॅपटॉपमध्ये स्वतःचे साउंड कार्ड असतेच, पण त्याचा छोटा जॅक कॉल आणि मीटिंगपुरता बनवलेला असतो. स्टुडिओचा माइक त्याला थेट जोडता येत नाही.

फोन किंवा यूएसबी माइक पुरणार नाही का?

अनेकांना पुरतो, आणि तसे असेल तर पैसे वाचवा. कराओके ट्रॅकवर एकट्याने गायचे असेल, पॉडकास्ट करायचे असेल किंवा यूट्यूबसाठी बोलायचे असेल, तर एक चांगला यूएसबी माइक बस होतो. त्याच्या पोटात छोटा इंटरफेस असतोच.

अडचण दोन ठिकाणी येते. पहिली, फोनचा माइक मुळात बोलण्यासाठी जुळवलेला असतो. सलग, एकसारखा चालणारा आवाज म्हणजे पंखा किंवा रस्त्यावरची घरघर, असे समजून तो दाबण्याची यंत्रणा अनेक फोनमध्ये असते. आता तानपुरा आणि पेटीचा धरलेला सूर याहून सलग काय असणार? म्हणूनच फोनवर रेकॉर्ड केलेल्या रियाजात तानपुरा कधी वर येतो, कधी विरतो.

दुसरी अडचण, एकाच लॅपटॉपला दोन यूएसबी माइक जोडून दोन वेगळे ट्रॅक घेणे कटकटीचे असते. दोन्ही माइक आपापल्या घड्याळावर चालतात, सॉफ्टवेअरला एका वेळी एकच उपकरण हवे असते. त्यामुळे एकाहून अधिक आवाज स्वतंत्रपणे टिपायचे असतील किंवा पुढे माइक बदलायची शक्यता असेल, तर इंटरफेसच घ्यावा.

बाजारात दोन-अडीच हजारांत मिळणारे, रंगीत दिव्यांचे ‘लाइव्ह साउंड कार्ड’ मात्र वेगळी वस्तू आहे. टाळ्यांचा आवाज, हशा, इको अशी बटणे त्यावर असतात. फोनवर लाइव्ह जाताना गंमत म्हणून ते ठीक. जपून ठेवायच्या रेकॉर्डिंगसाठी ते घेऊ नका.

एका वेळी किती माइक लावायचे आहेत?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे, आणि तो डब्याला नव्हे, स्वतःला विचारायचा आहे. आपल्याकडच्या गाण्याचा हिशेब असा मांडता येतो.

एकटा गायक, साथीला ट्रॅक किंवा तानपुऱ्याचे अ‍ॅप: १ माइक.

पेटी वाजवत गाणारा: २ माइक, एक गळ्याला, एक पेटीला.

गिटार वाजवत गाणारा: गिटारमध्ये पिकअप असेल तर १ माइक आणि १ गिटारचा इनपुट. साधी लाकडी गिटार असेल तर २ माइक.

गायक, पेटी आणि तबला एकत्र: ४ माइक. तबल्याला दोन धरले, कारण दायाँ आणि बायाँ एकाच माइकवर घेतले की तोल नंतर सावरता येत नाही.

कीबोर्ड स्टिरिओमध्ये घ्यायचा असेल तर २ लाइन इनपुट. त्याला प्रीअँप लागत नाही.

आता मेख कुठे आहे ते पाहा. कंपन्या ‘इनपुट’ म्हणतात तेव्हा त्यात माइक, गिटार आणि लाइन सगळेच मोजतात. फोकसराइटच्या स्कार्लेट सोलोमध्ये दोन इनपुट आहेत, पण माइकचा प्रीअँप एकच. बेहरिंगरच्या यूएमसी२२ चीही तीच गोष्ट. त्याहून फसवे नाव स्कार्लेट ४आय४ चे. नावावरून चार माइक लागतील असे वाटते, प्रत्यक्षात माइकचे प्रीअँप दोनच आहेत आणि उरलेले दोन इनपुट लाइनचे. मोटूच्या एम४ मध्येही असेच. यात लबाडी नाही, माहिती पानावर लिहिलेली असते. पण ती वाचावी लागते. बेहरिंगरच्या यूएमसी४०४एचडीमध्ये मात्र चार माइक प्रीअँप आहेत, म्हणून तबल्यासह मैफल टिपणाऱ्यांकडे तो दिसतो.

डब्याचा फोटो मोठा करून पाहा. तीन छिद्रांचे गोल सॉकेट म्हणजे एक्सएलआर, ते माइकचे. मध्ये मोठे गोल छिद्र आणि भोवती तीन छोटी, असे असेल तर ते कॉम्बो सॉकेट. त्यात माइकही बसतो आणि जाड जॅकही. अशी सॉकेट जितकी, तितकेच माइक. शंका असेल तर आज एक माइक पुरत असला तरी दोन माइकांचा डबा घ्या. किमतीतला फरक नंतर डबा बदलण्यापेक्षा कमीच पडतो.

माइकची वायर कोणती?

ही बाब कुठल्याच जाहिरातीत नसते. आपल्याकडे कराओके आणि सभेसाठी मिळणाऱ्या स्वस्त माइकसोबत जी वायर येते, तिच्या एका टोकाला एक्सएलआर आणि दुसऱ्या टोकाला जाड जॅक असतो. अँप्लिफायरला ती चालते. पण तोच जाड जॅक इंटरफेसच्या कॉम्बो सॉकेटच्या मधल्या छिद्रात घातला, की बहुतेक इंटरफेस त्याला माइक न समजता कीबोर्ड किंवा गिटार समजतात. आवाज अगदी बारीक येतो आणि आपण डबा बिघडला म्हणून परत पाठवतो. दोन्ही टोकांना एक्सएलआर असलेली वायर वेगळी विकत घ्या.

‘४८ व्होल्ट’ हे बटण कशाचे?

कंडेन्सर माइकला चालण्यासाठी वीज लागते. ती इंटरफेस माइकच्या वायरमधूनच पाठवतो. हीच ४८ व्होल्टची फँटम पॉवर. ऑडिओ-टेक्निका एटी२०२० किंवा रोड एनटी१ यांसारख्या माइकना ती हवीच. १९६६ पासून बाजारात असलेला शुअर एसएम५८ हा डायनॅमिक माइक आहे, त्याला ती लागत नाही. चुकून बटण सुरू राहिले तरी वायर नीट असेल तर त्याला धक्का लागत नाही. रिबन प्रकारच्या माइकना मात्र धोका असू शकतो. सवय अशी ठेवा: आधी हेडफोनचा आवाज शून्यावर आणा, माइक जोडा, मग बटण दाबा. काढताना उलट क्रम. नाहीतर कानात फटाका फुटल्यासारखा आवाज येतो.

खरेदी करताना ‘फँटम पॉवर’ या शब्दांवर थांबू नका. ती पूर्ण ४८ व्होल्टची आहे का, हे पाहा.

गेन किती हवा?

इथे थोडे गणित करू, कारण स्वस्त आणि बऱ्या डब्यातला खरा फरक इथेच कळतो. शुअर एसएम५८ समोर बऱ्यापैकी मोठ्या, म्हणजे ९४ डेसिबलच्या आवाजाला साधारण १.८५ मिलिव्होल्ट देतो. स्टुडिओच्या उपकरणांची नेहमीची लाइन पातळी आहे १.२३ व्होल्ट. म्हणजे सिग्नल सुमारे ६६५ पट वाढवावा लागतो. डेसिबलच्या भाषेत हे ५६ होतात. कंडेन्सर माइकचे काम सोपे. एटी२०२० त्याच आवाजाला सुमारे १४ मिलिव्होल्ट देतो, म्हणजे एसएम५८ च्या साडेसात पट. त्याला ४० च्या आसपास डेसिबल पुरतात.

यातून निष्कर्ष निघतो तो असा. कंडेन्सर माइक वापरणार असाल तर जवळपास कुठलाही इंटरफेस चालेल. डायनॅमिक माइक असेल, आणि गायक हळुवार गाणारा असेल, तर ५५ ते ६० डेसिबल गेनचा डबा हवा. पॉडकास्टवाल्यांचा लाडका शुअर एसएम७बी तर किमान ६० डेसिबल मागतो. स्कार्लेटच्या चौथ्या पिढीत सोलोला ५७ आणि २आय२ ला ६९ डेसिबल गेन आहे. ऑडियंट इव्हो ४ ला ५८.

नुसता आकडा मोठा असूनही भागत नाही. काही स्वस्त डब्यांत गेनचे बटण शेवटच्या टोकाला नेले की ‘सूऽऽ’ असा आवाज सुरू होतो. अभंगाच्या दोन चरणांमधल्या शांततेत तो स्पष्ट ऐकू येतो. विकत घेण्याआधी त्या डब्याचे, तुमच्याकडे आहे त्याच प्रकारच्या माइकवर केलेले नमुने हेडफोन लावून ऐका. गाणे ऐकू नका, मधली शांतता ऐका.

२४ बिट, १९२ किलोहर्ट्झ: मोठा आकडा म्हणजे चांगला आवाज?

बिट आणि किलोहर्ट्झ या दोन आकड्यांपैकी पहिला महत्त्वाचा, दुसरा फारसा नाही.

बिट म्हणजे आवाजाची उंची मोजायची पट्टी किती बारीक आहे ते. प्रत्येक बिटमागे साधारण ६ डेसिबलची पल्ला-वाढ मिळते. सीडीच्या १६ बिटला ९६ डेसिबल, २४ बिटला कागदावर १४४ डेसिबल. प्रत्यक्षात कुठलाही डबा १४४ गाठत नाही, पण २४ बिटमुळे एक मोठी सोय होते. आवाज मुद्दाम थोडा कमी पातळीवर रेकॉर्ड करता येतो. गायकाने अचानक तार सप्तकात झेप घेतली तरी आवाज फाटत नाही आणि नंतर वाढवला तरी खरखर येत नाही. एम-ऑडिओ एम-ट्रॅक सोलोसारखे सर्वांत स्वस्त डबे १६ बिटवर थांबतात. त्यावरही चांगले काम होते, फक्त पातळी जपून लावावी लागते.

किलोहर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती हजार वेळा मोजमाप घेतले ते. माणसाच्या कानाची मर्यादा २० किलोहर्ट्झच्या आसपास, आणि एखादी लहर टिपायला तिच्या दुप्पट वेगाने मोजले की पुरते. म्हणूनच सीडीचा आकडा ४४.१ आणि व्हिडिओचा ४८ आहे. १९२ वर रेकॉर्ड केले तर आवाज चारपट चांगला होत नाही, फाइल मात्र चारपट मोठी होते. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर एका ट्रॅकची तासाभराची फाइल सुमारे ५२० एमबी होते. १९२ वर तीच दोन जीबीच्या पुढे जाते. चार ट्रॅकची मैफल असेल तर लॅपटॉप रडायला लागतो.

थोडक्यात, २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्झ असले की पुरे. त्यापुढच्या आकड्यासाठी जास्त पैसे मोजू नका.

गाताना स्वतःचा आवाज उशिरा का येतो?

घरी रेकॉर्डिंग करणाऱ्यांची ही सर्वांत मोठी तक्रार. आवाज माइकमधून लॅपटॉपमध्ये जातो, तिथे प्रक्रिया होते आणि परत हेडफोनमध्ये येतो. या फेरीला लागणाऱ्या वेळेला लेटन्सी म्हणतात.

लॅपटॉप आवाज थेंबाथेंबाने न घेता तांब्या भरून घेतो. त्या तांब्याला बफर म्हणा. ४८ किलोहर्ट्झवर १२८ सँपलचा बफर २.७ मिलिसेकंदांत भरतो, ५१२ चा १०.७ मिलिसेकंदांत. जाताना एक आणि येताना एक, शिवाय बाकीची प्रक्रिया धरली तर ५१२ च्या बफरवर उशीर सहज २५ ते ३० मिलिसेकंदांवर जातो.

हे किती? आवाज हवेत एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो. ३० मिलिसेकंद म्हणजे साथीदार दहा मीटर लांब बसल्यासारखे. द्रुत तीनतालात मिनिटाला २४० मात्रा चालल्या तर एका मात्रेला २५० मिलिसेकंद मिळतात. त्यात चौपटीत बोल वाजले तर एका बोलाला जेमतेम ६२. तिथे ३० चा उशीर म्हणजे अर्धा बोल. कुठला तबलजी हे सहन करेल?

उपाय दोन आहेत. पहिला, डायरेक्ट मॉनिटरिंग. या सोयीत माइकचा आवाज लॅपटॉपला वळसा न घालता डब्यातूनच थेट हेडफोनमध्ये येतो. बटण किंवा खुंटी, कशीही असो, ही सोय असल्याशिवाय डबा घेऊ नका. दुसरा उपाय, योग्य ड्रायव्हर. मॅकमध्ये याची व्यवस्था आधीच असते. विंडोजवर मात्र एएसआयओ नावाचा ड्रायव्हर लागतो. कंपनी तो स्वतः देते का, आणि तुमच्या विंडोजसाठी देते का, हे तिच्या संकेतस्थळावर आधी पाहा. सर्वांत स्वस्त डब्यांपैकी काहींना स्वतःचा ड्रायव्हर नसतो. मग एएसआयओफोरऑल हा मोफत, सर्वसाधारण ड्रायव्हर वापरावा लागतो. तो चालतो, पण कधी कधी हट्टीपणाही करतो.

ब्लूटूथ हेडफोनचा विचारच करू नका. त्यातला उशीर कुठल्याही इंटरफेसने कमी होत नाही.

लॅपटॉप नाही, फोनवर चालेल?

बहुतेक वेळा चालते. ‘क्लास कम्प्लायंट’ असा उल्लेख असलेला डबा वेगळ्या ड्रायव्हरशिवाय आयफोन, आयपॅड आणि अनेक अँड्रॉइड फोनवर ओळखला जातो. आयफोन १५ पासून यूएसबी-सी आल्याने काम सोपे झाले. त्याआधीच्या आयफोनला अ‍ॅपलचा कॅमेरा अ‍ॅडॅप्टर लागतो. अँड्रॉइडमध्ये फोनला ओटीजी आहे का ते तपासा. तिथे लेटन्सी फोनगणिक बदलते, म्हणून डायरेक्ट मॉनिटरिंग आणखी गरजेचे.

खरा प्रश्न विजेचा असतो. हे डबे फोनकडूनच वीज घेतात. फँटम पॉवर सुरू केली की फोनची बॅटरी झरझर उतरते किंवा फोन डब्याला वीज द्यायला नकार देतो. वीज देणारा यूएसबी हब मध्ये जोडला की हा प्रश्न सुटतो.

सॉफ्टवेअरसाठी सुरुवातीला पैसे घालू नका. अ‍ॅपलच्या उपकरणांवर गॅरेजबँड मोफत आहे. लॅपटॉपवर ऑडॅसिटी मोफत आहे, रीपर ६० दिवस वापरून पाहता येते. अनेक इंटरफेससोबत एबलटन लाइव्ह लाइटसारखे सॉफ्टवेअर मिळते. डबा घेतल्यावर नोंदणी करायला विसरू नका.

बजेटनुसार काय घ्यावे?

किमती डॉलरच्या दराप्रमाणे आणि ऑनलाइन सेलप्रमाणे वरखाली होतात. पुढचे पट्टे ढोबळ समजा.

दहा हजारांच्या आत: एकट्या गायकासाठी एम-ऑडिओ एम-ट्रॅक सोलो किंवा बेहरिंगर यूएमसी२२. दोन्हींत माइक प्रीअँप एकच. कंडेन्सर माइकसोबत चांगले निभावतात. दोन माइक हवे असतील तर एम-ट्रॅक ड्युओ पाहा.

दहा हजारांपासून पंधरा हजारांपर्यंत: बेहरिंगर यूएमसी२०२एचडी, दोन माइक आणि २४ बिट. ऑडियंट इव्हो ४, दोन माइक, आणि आवाज ऐकून गेन आपोआप लावणारी सोय. तांत्रिक गोष्टींचा कंटाळा असणाऱ्या गायकांसाठी ही सोय फार कामाची. स्कार्लेट सोलो याच पट्ट्यात येतो. त्याचा आवाज चांगला आहे, पण माइक एकच, हे पुन्हा सांगतो.

वीस हजारांच्या आसपास: स्कार्लेट २आय२ ची चौथी पिढी. १९८५ मध्ये रुपर्ट नीव्ह यांनी सुरू केलेल्या फोकसराइटची ही मालिका २०११ पासून बाजारात आहे, त्यामुळे अडचण आली तर मदत करणारे लोक सहज सापडतात. नव्या पिढीत गेन आपोआप लावणे आणि आवाज फाटायला लागला की आपोआप कमी करणे, अशा दोन्ही सोयी आहेत. मोटू एम२ मध्ये छोटा पडदा आहे, आवाजाची पातळी त्यावर नेमकी दिसते. एसएसएल २ आणि युनिव्हर्सल ऑडिओचा व्होल्ट २ हेही तुलनेला घ्यावेत.

मागच्या पिढीचे मॉडेल सवलतीत मिळत असेल तर खुशाल घ्या. घरच्या कामासाठी फरक थोडाच पडतो.

सगळे पैसे डब्यावरच घालायचे का?

अजिबात नाही. माइक, स्टँड, दोन एक्सएलआर वायर, पॉप फिल्टर आणि बंद कपांचा वायरवाला हेडफोन यांचा खर्च धरूनच बजेट आखा. वीस हजार असतील तर वीस हजारांचा डबा घेऊन माइकसाठी हात आखडता घेण्यापेक्षा दहाचा डबा आणि दहात बाकीचे, ही वाटणी शहाणपणाची.

माइक निवडताना घराकडे पाहा. मुख्य रस्त्यावरच्या किंवा रेल्वेलाइनजवळच्या फ्लॅटमध्ये संवेदनशील कंडेन्सर माइक घेतला, तर शेजारच्यांच्या कुकरच्या शिट्ट्याही मोजून मिळतील. अशा घरात तोंडाजवळ धरलेला डायनॅमिक माइक बरा. शांत घर असेल तर कंडेन्सर गळ्यातले बारकावे छान टिपतो.

खोली मात्र फुकटात सुधारते. रिकामी, फरशीची खोली टाळा. कपड्यांनी भरलेले कपाट उघडे ठेवून त्याच्याकडे पाठ करून गा, म्हणजे माइकच्या समोरच्या बाजूने परतणारा आवाज कपड्यांत विरतो. मागे-बाजूला रजया टांगा, खाली सतरंजी अंथरा. पंखा आणि फ्रिज थोडा वेळ बंद. पेटीवर गाणाऱ्याच्या गळ्याचा माइक असा ठेवा की त्याची पाठ पेटीकडे येईल. असे माइक पाठीमागचा आवाज कमी घेतात. मागून सतत गुणगुण येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्ड करून पाहा. अनेकदा दोष अर्थिंगचा असतो.

डबा घरी आल्यावर पहिल्या दिवशी काय तपासावे?

परत करण्याची मुदत थोड्याच दिवसांची असते, म्हणून डबा कपाटात ठेवू नका. खोके उघडताना व्हिडिओ काढा आणि जीएसटी बिल जपा. मग प्रत्येक इनपुटला आळीपाळीने तोच माइक, तीच वायर लावून एक मिनिट रेकॉर्ड करा. फँटम पॉवर, हेडफोनचे दोन्ही कान आणि डायरेक्ट मॉनिटरिंग तपासा. शेवटी अर्धा तास सलग रेकॉर्डिंग लावून ठेवा. मध्ये ‘टक्’ असे आवाज येत असतील तर आधी बफर वाढवा, वायर बदला, दुसऱ्या पोर्टला लावा. तरीही येत असतील तर डबा परत करा.

आणि प्रत्यक्ष गाणे टिपण्याआधी गायकाला त्याची सर्वांत वरची जागा मोठ्याने घ्यायला सांगा. त्या वेळी सॉफ्टवेअरमधला आकडा उणे १२ ते उणे ६ च्या दरम्यान राहील एवढाच गेन ठेवा. शून्याला टेकला तर आवाज फाटला. तो नंतर कशानेही सांधता येत नाही.

आमच्या घरी दुसरा डबा आला, खोकला थांबला, माघात पुन्हा सतरंजी अंथरली. दम पूर्वीसारखा राहिला नव्हता. पंचवीसपैकी नऊ अभंग झाले. गळा एका ट्रॅकवर, पेटी दुसऱ्यावर. रात्री आजोबांच्या कानाला हेडफोन लावला. डोळे मिटून त्यांनी पहिला अभंग पूर्ण ऐकला आणि हेडफोन काढून माझ्या हातात दिला.

“पेटीचा मधला पंचम उतरलाय. इतकी वर्षं कुणी बोललं कसं नाही?”

पेटी आता दुरुस्तीला दिली आहे. ती आली की दहावा अभंग.